मूल घाबरतं तेव्हा आईबाबांनी काय सोडायचं

चिंता करणाऱ्या मुलाच्या घरात मोठ्यांनाही नकळत काही सवयी लागतात. झोप लागेपर्यंत शेजारी पडून राहायचं, संडासाच्या दाराबाहेर उभं राहायचं, पाहुण्यांनी नाव विचारलं की मुलाच्या वतीने आपणच सांगायचं, ऑफिसच्या मीटिंगमधून उठून ‘हो रे, मी बरी आहे’ म्हणून फोन घ्यायचा. मूल तेवढ्यापुरतं शांत होतं. पण ते शिकतं एवढंच, की आई होती म्हणून निभावलं. दुसऱ्या दिवशी आई आणखी थोडी जास्त लागते.

अमेरिकेतल्या येल विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ एली लेबोविट्झ यांनी याच मुद्द्यावर ‘स्पेस’ ही पद्धत उभी केली. तिच्यात उपचाराला मूल जात नाही, आईवडील जातात. २०२० साली छापून आलेल्या, १२४ मुलांच्या अभ्यासात ती मुलांना थेट दिलेल्या सीबीटीपेक्षा, म्हणजे विचार आणि वागणं बदलायला शिकवणाऱ्या नेहमीच्या उपचारापेक्षा, कमी पडली नाही. मुलाला बदलायला लावणं आपल्या हातात नसतं, स्वतःचं वागणं असतं; सगळा भर तिथेच आहे. खालची रीत त्याच धर्तीची.

आधी एक खातरजमा. शाळेत कोणी छळतंय का, कोणी नको तसा हात लावतं का, वाचता-लिहिता येत नाही म्हणून वर्ग नकोसा झालाय का? तसं असेल तर भीती खरी आहे, आधी ते कारण मिटवा. पोट वरचेवर दुखत असेल तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

मग आठवडाभर वहीत नोंद ठेवा: वेळ, मूल काय म्हणालं, आपण काय केलं, किती मिनिटं गेली. मत लिहू नका, ‘नाटकं केली’ तर मुळीच नको. आठवड्याने त्यातली एकच गोष्ट निवडा. ती रोज घडणारी हवी आणि पूर्णपणे तुमच्या हातातली हवी. ‘त्याने शाळेत बोलायचं’ हे तुमच्या हातात नाही. ‘त्याच्या वतीने मी उत्तर देणार नाही’ हे आहे. आणि वन-रूम-किचनमध्ये वेगळं झोपवण्याच्या मागे लागू नका. सगळ्यांनी एकत्र झोपणं ही आपल्याकडची रीत आहे, आजार नव्हे.

सुरुवात करण्याआधी दहाएक दिवस फक्त बोलणं सुधारा. घरोघरी दोन टोकं ऐकू येतात: ‘त्यात काय घाबरायचंय एवढं!’ आणि ‘राहू दे बाळा, नको जाऊस.’ पहिल्यात भीती नाकारली जाते, दुसऱ्यात मुलाची ताकद. वाक्यात दोन्ही हवं: ‘तुला भीती वाटतेय, कळतंय मला. थोडं जड जाईल, तरी तुला झेपेल.’ एवढंच बोलून थांबा. पाच मिनिटं समजावत बसलात तर ते समजावणं हीच मुलाची नवी कुबडी होते.

आता बदल मुलाला आधी सांगा, भांडणाच्या भरात नव्हे. रविवारी दुपारी, घर शांत असताना. लिहून दिलं तर उत्तम, कारण मूल कान झाकून घेतं, कागद मात्र राहतो:

‘सोनू, रात्री एकटं पडलं की तुला भीती वाटते. तू झोपेपर्यंत आम्ही शेजारी पडायचो, पण त्याने भीती काही गेली नाही. उद्यापासून गोष्ट संपली की साडेनऊला आई बाहेर जाईल. दर दहा मिनिटांनी दारातून डोकावेल. तुला हे जमेल.’

डोकावायचं ते घड्याळाप्रमाणे, हाक मारली म्हणून नव्हे. नाहीतर हाक मारली की आई येते हा जुनाच नियम चालू राहील. दारातूनच पाहायचं, पलंगावर बसायचं नाही. चार-पाच रात्री बऱ्या गेल्या की दहाची वीस मिनिटं करा. तेच ते प्रश्न विचारण्याची सवय असेल तर उत्तर एकदाच द्या. पुढच्या वेळी, ‘उत्तर तुला ठाऊक आहे.’

पहिले काही दिवस रडारड वाढते. त्यात नवल नाही. जे आजवर हमखास मिळायचं ते मूल जोर लावून मागून बघतं. सगळ्यात महाग पडतं ते चाळीस मिनिटं तग धरून एकेचाळिसाव्या मिनिटाला आत जाणं, कारण चाळीस मिनिटं रडलं की आई येते हे तेव्हा पक्कं होतं. इतका दम नसेल तर सोपी गोष्ट निवडा. ओरडणं, चॉकलेटची लाच, ‘शेजारचा बघ’ यातलं काहीही नको.

बेत बहुधा आजीपाशी फसतो. ‘लेकराला किती छळता’ म्हणत ती आत जाते. तिला लांब ठेवण्यापेक्षा काम द्या: सकाळी तिने म्हणायचं, ‘काल एकटा झोपलास म्हणे, भीती वाटली तरी!’ हे तिच्या तोंडून आलं की मुलाला भारी वाटतं. आईबाबांमध्ये मात्र आधी एकमत हवं. एक कडक, एक मऊ असं असेल तर सुरूच करू नका.

पहिली गोष्ट अंगवळणी पडली की वहीतली दुसरी घ्या. पण मूल स्वतःला इजा करण्याबद्दल किंवा मरण्याबद्दल बोलत असेल, खाणं तुटलं असेल, किंवा शाळेत जाणं बंद होऊन आठवडे झाले असतील, तर घरचे प्रयोग बाजूला ठेवून बालमानसोपचारतज्ज्ञांकडे जा. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो, फोन मोफत आहे आणि मराठीतही बोलता येतं.