‘अ सिंगल ड्रॉप ऑफ रेन’ पुन्हा बघायचा असेल तर

‘अ सिंगल ड्रॉप ऑफ रेन’ हा ‘क्वांटम लीप’ या अमेरिकी टीव्ही मालिकेच्या चौथ्या पर्वातला नववा भाग 20 नोव्हेंबर 1991 रोजी एनबीसी या वाहिनीवर पहिल्यांदा दाखवला गेला. मालिकेचा नायक काळात मागे झेपावतो आणि दर वेळी दुसऱ्याच कोणाच्या तरी जागी जाऊन त्याचं बिघडलेलं आयुष्य सावरतो. इथे हा नायक, डॉ. सॅम बेकेट, 7 सप्टेंबर 1953 या दिवशी टेक्सासमधल्या क्लोव्हर बेंड या गावात येऊन पडतो. आरशात चेहरा दिसतो बिली ब्यूमाँटचा. बिली गावोगाव फिरून पैसे घेऊन पाऊस पाडून देणारा माणूस आहे, आणि या खेपेला तो स्वतःच्याच गावी आलाय. रानं करपली आहेत, भाऊ राल्फचा संसार विस्कटायला आलाय, भावजय अ‍ॅनीचं मन बिलीकडे ओढ घेतंय आणि सगळं गाव आभाळाकडे डोळे लावून बसलंय.

शेवटी पाऊस येतो, हे आपल्याला ठाऊक असतं. तरी हा भाग परत बघावासा वाटतो, कारण तो पाऊस कशाने आला याचं उत्तर दर वेळी थोडं वेगळं वाटतं. ते नीट अनुभवायचं तर थोडी तयारी हवी. ती कशी करायची, ते पुढे आहे.

कोणते भाग, कोणत्या क्रमाने

हा भाग एकटा बघितला तरी समजतो. पण त्याची खोली दोन तारखांमध्ये आहे. सॅमचा जन्म 8 ऑगस्ट 1953 चा, इंडियानातल्या एल्क रिजचा. स्वतःच्या आयुष्याच्या मर्यादेतच मागे जाता येतं, हा मालिकेचा मूळ नियम. म्हणजे क्लोव्हर बेंडमध्ये सॅम उभा असतो तेव्हा तिकडे एल्क रिजला पाळण्यातला सॅम जेमतेम तीस दिवसांचा आहे. नियमाच्या अगदी काठावरची ही झेप. दुसरी तारीख मालिकेच्या शेवटाची. 5 मे 1993 रोजी दाखवलेला ‘मिरर इमेज’ घडतो नेमका 8 ऑगस्ट 1953 ला, पेनसिल्व्हेनियातल्या एका खाणगावात, आणि मला इकडून तिकडे कोण पाठवतंय हा प्रश्न सॅम तिथे उघडपणे विचारतो.

म्हणून तीन संध्याकाळी काढा. पहिल्या दिवशी ‘जेनेसिस’, म्हणजे 26 मार्च 1989 चा दुहेरी लांबीचा पहिला भाग. दुसऱ्या दिवशी ‘द लीप होम’चे दोन्ही भाग सलग. तिसऱ्या दिवशी आधी ‘अ सिंगल ड्रॉप ऑफ रेन’, मग जेवण, मग ‘मिरर इमेज’. जेवण मध्ये ठेवायचं कारण असं की दोन्ही लागोपाठ लावले तर दुसऱ्याचं वजन पहिल्याला गिळून टाकतं.

वेळ कमी असेल तर ‘जेनेसिस’ गाळा, ‘द लीप होम’ मात्र गाळू नका. त्यात कळतं की सॅम हा शेतकऱ्याचा मुलगा आहे आणि भाऊ टॉम व्हिएतनाममध्ये गमावल्याचं दुःख तो उराशी घेऊन फिरत होता. हे मनात ताजं असेल तर राल्फ आणि बिली या दोन भावांमधला प्रत्येक प्रसंग दुप्पट लागतो. दुसऱ्याचे भाऊ जोडून देताना सॅमच्या चेहऱ्यावर जे दिसतं, ते बिलीचं नाही.

प्रत आणि पडदा

डीव्हीडी ठरावीक देशांच्या गटातच (रीजनमध्ये) चालते. अमेरिकेतून मागवलेली डीव्हीडी रीजन 1 ची असते आणि आपल्याकडचे प्लेअर रीजन 5 चे, त्यामुळे तबकडी घातली की नुसता इशारा येतो आणि काही चालत नाही. ब्ल्यू-रेचंही तसंच, अमेरिका ‘ए’ आणि भारत ‘सी’. विकत घेण्याआधी पाकिटावरचं चिन्ह बघा किंवा सर्व रीजन वाचणारा प्लेअर वापरा. मालिकेच्या जुन्या डीव्हीडी संचांमध्ये हक्कांच्या अडचणीमुळे काही मूळ गाणी काढून दुसरं संगीत घातलेलं आहे. दुसऱ्या पर्वातल्या ‘एम.आय.ए.’ या भागाच्या शेवटाला त्याचा मोठा फटका बसला. तेव्हा संच निवडताना मूळ संगीत आहे का, हे आधी विचारून घ्या.

पडद्याची एक चूक जवळजवळ प्रत्येक घरात होते. मालिका 4:3 या प्रमाणात आहे. टीव्हीवर ‘झूम’ किंवा ‘फुल’ ठेवला तर चित्र एक तर आडवं ताणलं जातं, नाही तर वरून-खालून कापलं जातं. आजच्या टीव्हीचा रुंद, 16:9 प्रमाणाचा पडदा भरण्यासाठी कापलेल्या चित्रात उंचीचा बरोबर चौथा हिस्सा जातो. इतर भागांत हे चालून जाईल, इथे नाही. इथे माणसं सारखी वर बघतात, आणि कापलेल्या चित्रात वर आभाळच उरत नाही. सेटिंगमध्ये ‘4:3’ किंवा ‘ओरिजिनल’ निवडा, दोन्ही बाजूंना काळे पट्टे येऊ द्या. हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करा, नाही तर फिल्मवर चित्रित केलेला हा भाग रोजच्या डेली सोपसारखा दिसायला लागतो.

इंग्रजी टेक्सासी हेलातलं आहे, त्यामुळे उपशीर्षकं लावाच. उपशीर्षकांची वेगळी फाइल वापरत असाल आणि शब्द मागे-पुढे होत असतील तर आधी दोष ओळखा. सुरुवातीला दोन सेकंदांचा फरक आणि शेवटीही दोनच सेकंदांचा असेल, तर फाइल तेवढी सरकवली की काम झालं. फरक वाढत जात असेल तर फ्रेमचा वेग जुळत नाही. सेकंदाला 23.976 फ्रेम दाखवणाऱ्या प्रतीची फाइल 25 फ्रेमने पळणाऱ्या प्रतीला लावली की 47 मिनिटांच्या भागात शेवटी जवळजवळ दोन मिनिटांचं अंतर पडतं. अशा वेळी सरकवून उपयोग नाही, फाइलचा वेगच बदलावा लागतो. सबटायटल एडिटसारख्या मोफत प्रोग्रॅममध्ये ते एका खिडकीत होतं. घरच्यांसाठी मराठी उपशीर्षकं करणार असाल तर फाइल साठवताना अक्षरांच्या संकेतासाठी (एन्कोडिंग) ‘यूटीएफ-8’ निवडा. तसं न केल्यास मराठीच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं उमटतात. टीव्ही जोडाक्षरं तोडत असेल तर पेन ड्राइव्ह टीव्हीला न लावता संगणकावरून व्हीएलसी या मोफत प्लेअरने लावा.

दोन तास आधी: बाटलीतला पाऊस

ही पायरी गंमतीची वाटेल, पण अजिबात वगळू नका. कृत्रिम पावसामागचं तत्त्व यात हातात येतं, आणि ते कळलं की सॅमची अडचण खरी वाटायला लागते.

शुद्ध केलेल्या पाण्याच्या अर्ध्या लिटरच्या चार सीलबंद प्लास्टिक बाटल्या घ्या. पाचव्या तशाच बाटलीत नळाचं पाणी भरा, ती खुणेची. काचेची बाटली चुकूनही नको, गोठताना पाणी सुमारे नऊ टक्के फुगतं आणि काच फुटते. पाचही बाटल्या उणे 18 अंशांच्या फ्रीजरमध्ये आडव्या, एकमेकींना न चिकटवता ठेवा. पावणेदोन तासांनी पहिल्यांदा बघा, मग दर दहा मिनिटांनी. नळाच्या पाण्यात बर्फाच्या सुया दिसू लागल्या आणि इतर चार अजून स्वच्छ, पातळ असतील, तर वेळ झाली. बहुतेक फ्रीजमध्ये हे सव्वादोन तासांच्या आसपास होतं, पण फ्रीजप्रमाणे बदलतं. म्हणून तर खुणेची बाटली.

आता एक बाटली अलगद बाहेर काढा, धक्का न देता. ताटलीत बर्फाचा खडा ठेवा आणि त्यावर पाणी बारीक धारेने ओता. पाणी खड्याला लागताक्षणी गोठत वर चढत जातं. दुसरी बाटली टेबलावर जोरात आपटा, आतलं पाणी डोळ्यांदेखत पांढरं होईल. उरलेल्या दोन फसलेल्या प्रयत्नांसाठी, कारण एखादी तरी फसतेच. फ्रीजरचं दार आपटलं, बाटली बर्फाच्या थराला टेकली किंवा पाण्यात कण राहिले, की ती आतच गोठते.

शून्याखाली जाऊनही पाणी पातळ राहतं, कारण बर्फाचा पहिला स्फटिक बसायला त्याला जागा मिळत नाही. उंचावरच्या थंड ढगांतले थेंब असेच अडून बसलेले असतात. 1946 मध्ये व्हिन्सेंट शेफर यांनी विमानातून ढगात उणे 78 अंशांचा कोरडा बर्फ (गोठवलेला कार्बन डायऑक्साइड) टाकून हिमकण तयार करून दाखवले. लगेचच बर्नार्ड व्होनेगट यांनी सिल्व्हर आयोडाइडची रचना बर्फाच्या स्फटिकासारखी असते, हे हेरून तोच परिणाम साधला. म्हणजे 1953 साली हे विज्ञान जेमतेम सात वर्षांचं होतं. आणि त्याची मर्यादा तुमच्या टेबलावरच दिसते: बाटली रिकामी असेल तर कितीही आपटा, काही होणार नाही. ढगच नसेल तर बीज पेरायचं कुठे?

आपल्याकडे पुण्याच्या आयआयटीएम या हवामानशास्त्र संस्थेने 2018 आणि 2019 च्या पावसाळ्यात सोलापूर परिसरात विमानांतून याच विषयावर प्रयोग केले. तेही आलेल्या ढगांवरच.

बिलीचे पूर्वज

भाग लावण्याआधी दोन खऱ्या माणसांबद्दल पाच मिनिटं बोला. 1891 मध्ये रॉबर्ट डायरेनफोर्थ यांनी सरकारी पैशातून टेक्सासमध्ये मिडलँडजवळ स्फोटांचे बार उडवून पाऊस पाडायचा प्रयत्न केला. दुसरे चार्ल्स हॅटफील्ड. सॅन डिएगो शहराचा मोरेना तलाव भरून देण्याचं काम त्यांनी 1915 च्या डिसेंबरमध्ये दहा हजार डॉलरला घेतलं. धरणाजवळ मनोरा बांधून स्वतःच्या गुप्त मिश्रणाची वाफ आभाळात सोडली. जानेवारी 1916 मध्ये असा पाऊस झाला की लोअर ओटाय धरण फुटलं आणि माणसं मेली. नुकसानीची जबाबदारी घेतलीत तर पैसे देऊ, असं शहराने सांगितलं. हॅटफील्डना ते पैसे मिळाले नाहीत.

हे ऐकल्यावर बिलीला नुसता भामटा म्हणणं अवघड होतं. त्याचा धंदा आभाळाच्या लहरीवर चालत होता, आणि गावाची शेतीही त्याच लहरीवर.

पहिल्यांदा अखंड, दुसऱ्यांदा वही घेऊन

पहिल्या वेळी भाग कुठेही थांबवू नका, कोणी काही विचारलं तरी. सुरुवातीचा तुकडा आधीच्या भागाच्या शेपटीतूनच आलेला असतो आणि शेवटी निळ्या झोतानंतर पुढच्या, ‘अनचेन्ड’ या भागाची झलक येते. झोत दिसला की रिमोट हातात घ्या आणि झलक सुरू व्हायच्या आत थांबवा. पावसाचं पाणी अंगावरून निथळायच्या आत दुसऱ्या संकटाचं चित्र आलं की खोलीतली शांतता मोडते, आणि मग बोलणं रंगत नाही.

दुसऱ्या वेळी वहीत तीन रकाने आखा: धंदा, विज्ञान, श्रद्धा. पावसाबद्दलचं प्रत्येक वाक्य मिनिटासह योग्य रकान्यात लिहा. सॅमचा मित्र अल, जो फक्त त्यालाच दिसतो, झिगी या संगणकाच्या नावाने जी टक्केवारी सांगतो, ती वेगळ्या शाईने. सॅम बिलीच्या तोंडून गावाला आश्वासन देतो तेव्हा ते कोणत्या रकान्यात जाईल, यावर हमखास वाद होतो. तो होऊ द्या. हा माणूस भौतिकशास्त्रज्ञ आहे, त्याला ढगांचं शास्त्र माहीत आहे, आणि त्याला फसवणाऱ्याच्या बुटांत उभं राहून लोकांच्या आशेला उत्तर द्यायचंय. शेवटी तो आभाळाकडे तोंड करून जे बोलतो, ते वाक्य एकाच रकान्यात बसवता येतंय का, ते बघा.

चर्चा बिघडते ती एका ठरलेल्या जागी. कोणीतरी पहिल्याच मिनिटाला ‘देवाने पाडला’ म्हणतं, दुसरं कोणी ‘योगायोग’ म्हणतं, आणि दोन्ही बाजू घट्ट बसतात. त्यावर उपाय म्हणून पावसाचा प्रश्न शेवटी ठेवा आणि आधी राल्फ-अ‍ॅनीबद्दल बोला. सॅमच्या झेपेचं कारण तिथे आहे. कोरडं कोण पडलंय, रान की घर, हे एकदा बोलून झालं की पावसाकडे माणसं मोकळ्या मनाने येतात. मराठी घरांत इथे हमखास धोंडीचा विषय निघतो. अंगाला लिंबाचा पाला बांधून ‘धोंडी धोंडी पाणी दे’ म्हणत दारोदार फिरणाऱ्या पोरांवर बायका तांब्याने पाणी ओतायच्या, तेही गावात पाण्याची मारामार असताना. त्या तांब्याभर पाण्याचा हिशेब लावता आला, तर क्लोव्हर बेंडच्या लोकांनी बिलीला पैसे का दिले तेही कळेल. घरात 1972 चा दुष्काळ पाहिलेलं कोणी असेल तर त्यांना आधी बोलू द्या, आणि मध्ये कोणी तोडू नका.

हा भाग पावसाळ्यात लावू नये, असं आमचं ठाम मत आहे. बाहेर सरी कोसळत असताना पडद्यावरच्या पहिल्या थेंबाचा आवाजच हरवतो. वैशाखातली, पंखाही गरम वारा टाकतो अशी संध्याकाळ निवडा. आवाज नेहमीपेक्षा दोन खुणा वर ठेवा आणि शेवटच्या दहा मिनिटांत पंखा बंद करा.

शेवटी एक तारीख वहीत तीनही रकान्यांखाली आडवी लिहून ठेवा: 1957 चा वसंत. टेक्सासचा तो दुष्काळ 1950 च्या सुमारास सुरू झाला आणि 1957 च्या वसंतातल्या पुरांनीच संपला. 1956 अखेर राज्याच्या 254 पैकी 244 काउंट्या (जिल्हे) आपद्‌ग्रस्त जाहीर झाल्या होत्या. म्हणजे 1953 च्या सप्टेंबरमध्ये त्या गावावर पाऊस पडला, तरी पुढची साडेतीन वर्षं राल्फ आणि अ‍ॅनीला तेच रान कसायचं होतं. हे माहीत करून घेऊन शेवटची पाच मिनिटं तिसऱ्यांदा लावा, आणि या वेळी सॅमकडे न बघता त्या दोघांकडे बघा.