जुना डेस्कटॉप चालू होऊन बंद पडतोय? पार्ट बदलण्याआधी या चुका टाळा

बटण दाबलं की पंखा फिरतो, पुढचा दिवा लागतो आणि जरा वेळात सगळं ठप्प. ही तक्रार घेऊन कोणाकडेही जा, उत्तर तीनपैकी एक असतं: एसएमपीएस (डब्यातला वीज पुरवणारा खोका) गेला, विंडोज नवीन मारा, नाहीतर आता नवाच घ्या. कधी ना कधी तिन्ही खरी ठरतात. पण तुमच्या मशीनपुरतं कोणतं खरं, हे कळायला आधी एका प्रश्नाचं उत्तर लागतं: चालू केल्यापासून बंद पडेपर्यंत नेमका किती वेळ जातो? ते न बघता स्क्रू-ड्रायव्हर हातात घेणं ही पहिली चूक, आणि खिशाला सगळ्यात जास्त चाट लावणारीही हीच.

मोबाइलचं स्टॉपवॉच लावा आणि दोन-तीनदा मोजा. सेकंद-दोन सेकंदांतच बंद पडत असेल तर कुठेतरी शॉर्ट आहे, किंवा एसएमपीएस स्वतःला वाचवायला वीज तोडतोय. दरवेळी चार-पाच सेकंदांनीच बंद पडत असेल तर संशय पुढच्या बटणावर घ्या. चार सेकंद बटण दाबून धरलं की मशीन जबरदस्तीने बंद व्हावं, अशी सोय मदरबोर्डातच असते. धूळ आणि दमट हवेने बटण आत अडकून बसलं की बोर्डाला वाटतं, कोणी तरी ते दाबूनच धरलंय. पाच-दहा मिनिटं नीट चालून बंद पडतोय आणि लगेच पुन्हा लावला तर आधीपेक्षा लवकर पडतोय, म्हणजे उष्णता. एरवी तासन्‌तास चालतो पण गेम किंवा मोठा व्हिडिओ लावला की पडतो, तर एसएमपीएस लोड घेत नाही. आणि वेळेचा काही ताळमेळच नसेल, तर मशीन उघडण्याआधी भिंतीकडे बघा.

यूपीएस आणि वायर न तपासता डबा उघडणं

घरगुती ६०० व्हीएच्या यूपीएसमध्ये बहुतेक वेळा १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची बॅटरी असते आणि दोन-तीन वर्षांत ती थकते. यूपीएस बाहेरून ठणठणीत दिसतो, हिरवा दिवाही लागतो. पण संध्याकाळी व्होल्टेज पडलं की आतला रिले (वीज इकडून तिकडे वळवणारा स्विच) टक करतो, लोड बॅटरीवर जातो, बॅटरीत जीव नसतो आणि पीसी बंद. तालुक्याच्या गावी आणि वाड्या-वस्त्यांवर या दुखण्याचे पीसी ढिगाने निघतात, आणि त्यातल्या कित्येकांचा एसएमपीएस उगाच बदललेला असतो. यूपीएस आणि एक्स्टेन्शन बोर्ड दोन्ही बाजूला ठेवा, भिंतीच्या सॉकेटला थेट लावून दिवसभर चालवून बघा.

मागची पॉवर कॉर्ड सैल बसली असेल तर टेबलाला धक्का लागला तरी मशीन जातं. मॉनिटरची कॉर्ड बहुधा तशीच असते. दोन्हींची अदलाबदल करा. रोग कॉर्डबरोबर मॉनिटरकडे गेला, तर काम फुकटात झालं.

डब्याला हात लावला की झिणझिण्या येत असतील तर सॉकेटला अर्थिंग नाही. बिघाड बहुधा वेगळाच असतो, पण अर्थिंगविना आत हात घालू नका, आणि थ्री-पिनची जाड पिन काढून टू-पिनमध्ये बसवायचा जुगाड तर मुळीच नको. जुन्या एसएमपीएसच्या मागे ११५/२३० असं लिहिलेलं लाल बटण असतं. त्याला हात लावू नका. आपल्याकडच्या विजेवर ते ११५ वर सरकवून चालू केलं की धडाम आवाज येतो आणि तपासायला काही उरत नाही.

"फॉरमॅट मारून बघू"

चालू करताना डिलीट किंवा एफ-२ दाबून बायोसमध्ये (विंडोजच्या आधी येणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) जा आणि मशीन अर्धा तास तिथेच सोडून द्या. तिथेही बंद पडलं, तर विंडोज, व्हायरस, ड्रायव्हर सगळे निर्दोष सुटले, कारण हार्ड डिस्कवरचं विंडोज अजून सुरूच झालेलं नाही. उलट बाजूने घाई करू नका. बायोसमध्ये टिकलं आणि विंडोजमध्ये पडलं, एवढ्यावरून विंडोज दोषी ठरत नाही. विंडोज सुरू झालं की हार्ड डिस्क, ग्राफिक्स, सगळ्यांवरच भार वाढतो.

विंडोजच्या नोंदवहीत, म्हणजे इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, 'कर्नल-पॉवर ४१' दिसतं आणि लोक ते कारण समजून तासन्‌तास शोधत बसतात. त्या नोंदीचा अर्थ इतकाच की मागच्या वेळी मशीन रीतसर बंद झालं नव्हतं. ते तुम्हाला आधीच माहीत आहे! बंद न होता मशीन आपोआप रीस्टार्ट होत असेल, तर मात्र सिस्टीम प्रॉपर्टीजमधल्या स्टार्टअप अँड रिकव्हरीत जाऊन 'ऑटोमॅटिकली रीस्टार्ट'ची खूण काढा. खूण काढल्यावर निळा स्क्रीन थांबून राहिला तर दिशा बदलते: रॅम, ड्रायव्हर, हार्ड डिस्क.

वीज तुटण्याचा रोग असताना फॉरमॅट मारणं नुसतं निरुपयोगी नाही. इन्स्टॉलेशनच्या मध्येच मशीन पडलं की जुन्या हार्ड डिस्कवरचा डेटाही पणाला लागतो.

पंखा फिरतोय म्हणजे कूलिंग ठीक, असं मानणं

इथे जरा थांबू, कारण दहा-बारा वर्षांच्या मशीनमध्ये निम्मं दुखणं इथंच सापडतं असा माझा अनुभव आहे. प्रोसेसरवरचा पंखा गरगर फिरताना दिसतो म्हणून मालक निर्धास्त असतो. पंखा काढा. खाली, हीटसिंकच्या (प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या ठोकळ्याच्या) ॲल्युमिनियमच्या पात्यांवर, धुळीचा राखाडी थर नमद्यासारखा दाबून बसलेला असतो, चिमटीत धरून सबंध उचलता येईल इतका. पंखा फिरतो तो त्या थरावर. पात्यांमध्ये हवा जातच नाही.

दुसरी जागा हीटसिंकच्या पायांची. इंटेलच्या जुन्या पंख्यांना चार प्लॅस्टिकच्या पुश-पिन असतात. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने एखादी तडकते किंवा सुटते, हीटसिंक एका बाजूने केसभर उचलला जातो, आणि प्रोसेसर मिनिटभरातच इतका तापतो की स्वतःच वीज तोडायला लावतो. हलक्या हाताने हीटसिंक हलवून बघा; डुगडुगता कामा नये. बसवताना चारही पिनांची डोकी बाणाच्या उलट दिशेला फिरवून ठेवा आणि समोरासमोरच्या पिना जोडीने दाबा. बाणाच्या दिशेने फिरवलं की पिन सुटते. लोक नेमकं तसंच फिरवतात आणि "घट्ट केलं" म्हणतात. जमलं तर बोर्डाच्या मागून बघा: चारही पांढऱ्या पायांमधून काळी खिळी आरपार आलेली दिसली पाहिजे.

प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामधली थर्मल पेस्ट वाळून खडूसारखी पांढरी पडली असेल तर ती आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि नवी लावा, वाटाण्याच्या दाण्यापेक्षा कमीच. सगळी ट्यूब पिळू नका. टूथपेस्टचे व्हिडिओ बघून टूथपेस्ट लावणाऱ्यांना काय म्हणावं; चार दिवसांत ती वाळते आणि मशीन पुन्हा तिथंच.

एएमडीच्या जुन्या मशीनमध्ये हीटसिंक सरळ वर ओढू नका. तिथे पिना प्रोसेसरलाच असतात, आणि वाळलेल्या पेस्टमुळे लॉक लागलेलं असतानाही प्रोसेसर हीटसिंकला चिकटून सॉकेटमधून उपटला जातो. पिना वाकल्या की पेस्टचं स्वस्तातलं काम महागात पडतं. मशीन पाच मिनिटं चालवून कोमट करा, प्लग काढा, हीटसिंक डावीकडे-उजवीकडे हलकेच पिळून सैल करा, मगच उचला.

ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा. मोकळा पंखा वाऱ्याने भन्नाट फिरला की त्याचं बेअरिंग जातं. पंख्याची वायर परत लावताना बोर्डावर 'सीपीयू फॅन' लिहिलेल्या जागीच लावा. दुसरीकडे लावली तर काही बोर्ड पंखाच नाही असं समजून थांबतात.

बटण

डब्याच्या पुढून येणारी पॉवर स्विचची दोन पिनांची वायर बोर्डावरून काढा आणि त्या दोन पिनांना स्क्रू-ड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवा. मशीन चालू होऊन चालूच राहिलं, तर दोषी बटण. रीसेटची वायर पॉवरच्या पिनांवर लावून टाका आणि यापुढे रीसेटचं बटण दाबून चालू करा. खर्च शून्य.

क्लिप लावून एसएमपीएसला पास करणं

एसएमपीएस बोर्डापासून सोडवायचा, मोठ्या कनेक्टरमधली हिरवी वायर कुठल्याही काळ्या वायरला क्लिपने जोडायची, पंखा फिरला की "एसएमपीएस चांगला आहे" म्हणायचं. या चाचणीतून एवढंच कळतं की तो रिकाम्या पोटी सुरू होतो. भार पडल्यावर काय होतं हे बघायचं तर मशीन जोडून, चालू असताना, हार्ड डिस्कच्या मोकळ्या कनेक्टरवर मल्टिमीटर लावा: पिवळी-काळी ११.४ ते १२.६ व्होल्टच्या आत, लाल-काळी ४.७५ ते ५.२५ च्या आत. बंद पडायच्या ऐन वेळी पिवळी अकराच्या खाली घसरली, तर चोर सापडला.

नवा घेताना स्टिकरवरच्या मोठ्या आकड्याला भुलू नका. डब्यावर '४५० वॉट' असतं. बारीक अक्षरांत १२ व्होल्टसमोर १४ अँपिअर लिहिलं असेल तर १२ गुणिले १४, म्हणजे १६८ वॉट. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड जगतात ते याच आकड्यावर. काही ब्रँडेड ऑफिस मशीनचे कनेक्टर नेहमीच्या २४ पिनांचे नसतात. बसत नसेल तर दाबून बसवू नका. नवा लावूनही सेकंदात बंद पडलं, तर प्रोसेसरजवळची चार पिनांची वेगळी वायर नीट बसली आहे का, आणि बोर्डाखाली एखादा पितळी स्टड किंवा सुटा स्क्रू जास्तीचा राहिला आहे का, ते बघा.

एसएमपीएस स्वतः उघडू नका. २३० व्होल्ट आत जाऊन सव्वातीनशे व्होल्ट डीसीच्या आसपास होतात आणि प्लग काढल्यावरही काही काळ वीज साठवणाऱ्या कॅपेसिटरमध्ये राहतात.

सकाळी रुसणारा पीसी

हिवाळ्यात सकाळी चार-पाचदा बटण दाबल्यावर एकदाचा टिकतो, आणि मग दिवसभर सुरळीत चालतो. याला उष्णतेचा रोग समजून पेस्ट बदलण्यात अर्थ नाही, कारण हा बरोबर त्याच्या उलट आहे: थंड असताना त्रास, तापल्यावर आराम. हे म्हाताऱ्या कॅपेसिटरचं लक्षण. प्रोसेसरभोवतीची छोटी उभी नळकांडी टॉर्च मारून बघा. डोकी सपाट हवीत. फुगलेली दिसली किंवा तपकिरी चिकट डाग दिसला, तर ती गेली. २००० नंतरच्या काही वर्षांत सदोष कॅपेसिटर जगभरच्या बोर्डांमध्ये बसले होते. ऑप्टिप्लेक्स मशीनच्या दुरुस्तीपोटी डेलला २००५ मध्ये सुमारे ३० कोटी डॉलर बाजूला काढावे लागले. बदलताना तेवढ्याच मायक्रोफॅरडचे, तेवढ्याच किंवा जास्त व्होल्टचे, १०५ अंशांचे आणि लो-ईएसआर (आतला विरोध कमी असलेले) मागा. साध्या रेडिओतले चालत नाहीत. मुंबईत लॅमिंग्टन रोडला असे सहज मिळतात, पण सोल्डरिंगचा हात नसेल तर कारागिरालाच द्या.

रॅमची सोनेरी पट्टी खोडरबरने पुसणं ठीक. पॉलिश पेपरने घासणं नाही. बोर्डावरचा नाण्यासारखा सेल संपला की तारीख-वेळ चुकते, त्याने मशीन बंद पडणं क्वचितच.

दुरुस्ती कुठे थांबवायची

पेस्ट, सफाई, बटण, कॉर्ड यांवर हात मोकळा ठेवा. चांगला एसएमपीएसही घ्यायला हरकत नाही, तो पुढच्या मशीनला लागतो. पण डीडीआर-२ या जुन्या पिढीच्या रॅमच्या बोर्डाचे कॅपेसिटर फुगलेत आणि वर बोर्डच बदलायचाय, तर तो पैसा वाया. अशा वेळी हार्ड डिस्क काढून फोटो आणि हिशेबाच्या फायली दुसऱ्या मशीनवर उतरवून घ्या. त्यासाठी डिस्क यूएसबीला जोडणारी साटा ते यूएसबी केबल घेताना स्वतंत्र १२ व्होल्टचा अडॅप्टर असलेलीच घ्या. डेस्कटॉपची साडेतीन इंची डिस्क नुसत्या यूएसबीच्या विजेवर फिरत नाही, आणि ती फिरत नाही म्हणून चांगली डिस्क मेलेली समजून भंगारात जाते.