त्रिनिदादला निघताय? मग या चुका टाळा

आपल्याकडे क्रिकेटमुळे ‘वेस्ट इंडिज’ हा एक देश असल्यासारखं बोललं जातं आणि घोळ तिथूनच सुरू होतो. १९७१ मध्ये गावसकर ज्या पोर्ट ऑफ स्पेनमध्ये आपली पहिली कसोटी खेळले, ती त्रिनिदाद आणि टोबॅगोची राजधानी. हा देश १९६२ साली स्वतंत्र झाला. जमैका, बार्बाडोस वेगळे देश. चलन वेगळं, व्हिसाचे नियमही वेगळे.

सगळ्यात महागात पडणारी चूक मात्र परतताना उघड होते. जाताना ‘त्यांना काय कागद लागतात’ एवढंच सगळे विचारतात. पण यलो फीव्हरचा (डासांमुळे पसरणाऱ्या पीतज्वराचा) धोका असलेल्या ठिकाणांच्या भारताच्या यादीत त्रिनिदाद बेट आहे. लसीचा दाखला नसेल, तर मुंबईत उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस घेतल्यावर दहा दिवसांनी दाखला लागू होतो. म्हणजे निघायच्या आदल्या आठवड्यात धावपळ करून उपयोग नाही. सरकारमान्य केंद्रातच टोचून घ्या आणि दाखला पासपोर्टलाच अडकवून ठेवा.

भारतातून थेट विमान नाही. अमेरिकेमार्गे स्वस्त तिकीट दिसलं, तरी नुसतं विमान बदलायलासुद्धा तिथला व्हिसा लागतो.

लष्करी छापाचे कपडे बॅगेतून काढा, पोरांचेसुद्धा. त्रिनिदादमध्ये सामान्य माणसाने ते घालणं बेकायदा आहे. टोबॅगो बेटावरून परतीची फेरीबोट आणि घरचं विमान एकाच दिवशी ठेवू नका. समुद्रातून साडेतीन-चार तास सहज जातात.

१८४५ च्या मे महिन्यात भारतीय गिरमिटियांचं (करारावर नेलेल्या मजुरांचं) पहिलं जहाज इथे लागलं. त्यामुळे नावं, देवळं, दिवाळी सगळं ओळखीचं वाटतं. पण म्हणून हिंदीत सुरू होऊ नका. रोजची बोली इंग्रजीच, तीही त्यांच्या ढंगाची. ‘रोटी’ मागितलीत तर बहुधा आत रस्सा भरलेली गुंडाळी येईल. शाकाहारी असाल तर आत काय आहे ते आधी विचारा.

आणि डबल्स! हळदीच्या दोन मऊ तळलेल्या पुऱ्या (त्यांना तिथे ‘बारा’ म्हणतात), मध्ये चण्याचा रस्सा, खाली कागद; गाडीपाशी उभ्यानेच खायचं. विक्रेता विचारतो, ‘पेपर?’ ती मिरपूड नव्हे, जाळ करणारी मिरचीची चटणी. ‘आम्ही कोल्हापूरचे’ म्हणून छाती काढायची ती दुसऱ्या दिवशी. पहिल्या दिवशी मुकाट ‘स्लाइट’, म्हणजे अगदी थोडी, म्हणा.