रेसच्या घोड्याचं औषध: शेवटचा डोस कधी, आणि त्यानंतर पाय कसा बघायचा

रेसच्या घोड्याला ट्रेनिंगमध्ये औषधं द्यावीत की नाहीत, या वादात बहुतेक जण रेसच्या दिवशी घेतलेल्या रक्त-लघवीबद्दलच बोलतात. रिपोर्ट निगेटिव्ह आला की विषय संपला असं धरलं जातं. पण घोडा मोडतो तो आधीच्या काही आठवड्यांत, सकाळच्या गॅलपला, म्हणजे भरधाव सरावाला. रेसमध्ये हाड मोडून मेलेल्या घोड्यांच्या शवविच्छेदनात त्याच जागी जुन्या, बारीक भेगा वारंवार सापडल्या आहेत. म्हणजे पाय आधीपासून दुखत होता आणि घोडा ते सांगतही होता. सूज आणि दुखणं दाबणारं औषध चालू असेल, तर ते सांगणं आपल्यापर्यंत पोचत नाही. म्हणून पागेत पहिला नियम हा ठेवावा: दुखण्याचं औषध चालू असताना वेगाचं काम बंद. फार तर हातात धरून चालवणं.

औषध कोणतं आणि किती, हे पशुवैद्यच ठरवणार. पण वजन, तास, अंथरूण आणि वही ही पागेची कामं आहेत, आणि बहुतेक घोटाळे इथेच होतात.

आधी वजन

डोस किलोवर ठरतो. वजनकाटा नसेल तर टेप घ्या. छातीचा घेर कोपराच्या मागून, घोड्याने श्वास सोडल्यावर मोजा. लांबी खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या टोकापर्यंत घ्या. दोन्ही मापं सेंटिमीटरमध्ये. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले 11,880. घेर 185 आणि लांबी 160 असेल तर वजन 461 किलो येतं. या घोड्याला 0.6 मिलिग्रॅम प्रति किलोने मेलॉक्सिकॅमचा (सूज आणि दुखण्याचं औषध) डोस साधारण 277 मिलिग्रॅम होतो. ‘सगळे घोडे 500 किलोचे’ असं धरलं तर 300 जातात. एका दिवसात त्याने फार बिघडत नाही, पण दहा दिवसांचा कोर्स असेल तर तपासणीचा हिशोब सरकतो. दोन वर्षांच्या हलक्या शिंगरात हा फरक आणखी मोठा.

मग तास

युरोपियन हॉर्सरेस सायंटिफिक लिएझन कमिटीने ठरावीक डोस ठरावीक मार्गाने दिल्यावर औषध किती काळ दिसतं ते मोजून प्रसिद्ध केलं आहे. फेनिलब्युटाझोन, म्हणजे पागेतलं ‘ब्यूट’, 7 दिवस. फ्लुनिक्सिन, तेही दुखण्याचंच, 6 दिवस. मेलॉक्सिकॅम 3. लघवी वाढवणारं फ्युरोसेमाइड म्हणजे लॅसिक्स 2, जठरातल्या व्रणाचं ओमेप्राझोल 2. श्वासनळ्या मोकळ्या करणारं क्लेनब्युटेरॉल 13 दिवस.

हे आकडे भिंतीवर चिकटवून त्यावर रेस ठरवू नका. हा डिटेक्शन टाइम आहे: मोजक्या निरोगी घोड्यांत, त्या एकाच डोसला, तितक्या काळाने औषध मर्यादेखाली गेलं, एवढंच तो सांगतो. तुमचा घोडा त्या मोजक्यांत नव्हता. डोस दुप्पट झाला, शिरेऐवजी तोंडातून दिला, घोडा पाणी कमी प्यायला किंवा यकृत सुस्त असलं, की मुदत वाढते. पशुवैद्य त्यावर स्वतःची भर घालून विथड्रॉवल टाइम, म्हणजे शेवटच्या डोसपासून रेसपर्यंत सोडायचा काळ, सांगतो आणि तोच पाळायचा. आमच्या मते ज्या औषधाचा डिटेक्शन टाइम तीन दिवस आहे, त्याला निदान आणखी तीन दिवस धरावेत. त्यासाठी एखादी रेस सोडावी लागली तर सोडावी. शेवटचा शब्द आपल्या टर्फ क्लबच्या (रेस भरवणारी संस्था) चालू नियमांचा आणि क्लबच्या पशुवैद्यकीय अधिकाऱ्याचा.

मोजताना दिवस मोजू नका, तास मोजा. गुरुवारी रात्री 8 ला डोस दिला, रविवारी दुपारी 3 ला रेस. बोटांवर ‘तीन दिवस’ भरतात. घड्याळावर 67 तास. पाच तास कमी. म्हणून वहीत फक्त तारीख लिहिलेली नोंद अपुरी.

ब्यूटची आणखी एक खोड आहे. तोंडातून दिलेलं ब्यूट पोटातल्या गवताला चिकटतं आणि हळूहळू रक्तात उतरतं. भरल्या पोटी दिलेला डोस उशिरा चढतो, त्यामुळे उशिरा उतरतो. डोस दाण्याआधी की नंतर, हेही लिहा.

कोण कुठे टोचतो

फ्लुनिक्सिन घोड्याच्या मांसात टोचू नये. क्लॉस्ट्रिडियम जंतूंमुळे तिथलं मांस सडून घोडा दगावू शकतो. ब्यूटचं इंजेक्शन शिरेबाहेर सांडलं तर मानेची कातडी झडते. शिरेऐवजी धमनीत गेलं तर घोडा तिथल्या तिथे झटके येऊन कोसळतो. म्हणून ‘सुई मला जमते’ म्हणणाऱ्या कुणालाही सुई देऊ नका, पशुवैद्यच हवा.

मेडिकलमधून माणसांचं डायक्लोफिनॅक आणून घोड्याला देणं पूर्ण बंद करा. गिधाडं मरतात म्हणून जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर भारतात 2006 मध्ये बंदी आली, आणि 2023 मध्ये केटोप्रोफेन व असेक्लोफेनॅकवरही. परदेशी यादीत केटोप्रोफेनपुढे चार दिवस लिहिलेले दिसतील. आपल्याकडे तो पर्याय उरलेला नाही. पागेच्या कपाटात जुनी बाटली असेल तर काढून टाका.

ब्यूट लांबवलं तर जठरात व्रण पडतात, मोठ्या आतड्याच्या उजव्या वरच्या भागाला सूज येते, मूत्रपिंडावर ताण येतो. घोडा दाणा अर्धा टाकतो, जांभया देतो, शेण सैल होतं. अशा वेळी व्रणासाठी ओमेप्राझोल सुरू करून ब्यूट चालूच ठेवणं ही चुकीची वाट. आधी ब्यूट का लागतंय ते शोधा.

औषध उतरल्यावर पाय

विथड्रॉवल टाइम संपला म्हणजे घोडा कामाला तयार झाला, असं नाही. शेवटच्या डोसनंतर पूर्ण तीन दिवस जाऊ द्या, ब्यूटचा लांब कोर्स असेल तर पाच. मग सकाळी, घोडा बाहेर काढण्याआधी, थंड पायावर हात फिरवा. पट्ट्या रात्रीच काढलेल्या हव्यात, नाहीतर त्यांचीच ऊब हाताला लागते. गुडघ्याखालून मागच्या कंडरेवर अंगठा आणि दोन बोटं लावून वरून खाली या. दुसऱ्या पायाशी ताडून बघा. तांदळाच्या दाण्याएवढा जाडपणाही मोजायचा. घोट्यामागे नाडी धरा: एका पायात ती ठोके देत असेल तर त्या खुरात काहीतरी आहे.

त्यानंतर कडक, सपाट जमिनीवर, ढिल्या दोरीने, सरळ रेषेत दुडकी. सईसने (घोडा सांभाळणारा) लगाम आखडून धरला तर मान हलत नाही आणि लंगडणं दिसत नाही, म्हणून दोरी ढिली. दुखरा पुढचा पाय टेकताना घोडा डोकं वर उचलतो, चांगला पाय टेकताना खाली आणतो. मागच्या पायासाठी मागून दोन्ही पुठ्ठ्यांची उचल बघा. शंका असेल तर मोबाइलवर चित्रण करून हळू गतीने पाहा आणि पशुवैद्याला पाठवा.

लंगडणं परत दिसलं तर औषध परत सुरू करायचं नाही, तपासणी करायची. एक्स-रेत ताजी भेग चुकते. 10 ते 14 दिवसांनी कडेचं हाड विरघळून रेष दिसू लागते, म्हणून पहिला एक्स-रे स्वच्छ आला तरी दुसरा काढा. कंडरेची सोनोग्राफी दुखापतीनंतर साधारण आठवड्याने करा. पहिल्या दोन दिवसांत इजा प्रत्यक्षापेक्षा लहान दिसते. कंडरा खरोखर फाटली असेल तर 9 ते 12 महिने. हा आकडा ऐकून ओनरचा चेहरा उतरतो, पण कोणत्याही इंजेक्शनाने तो कमी होत नाही.

सांध्यात स्टेरॉइड देण्याचा प्रकार सगळ्यात जपून हाताळायचा. ब्रिटनमध्ये असं इंजेक्शन दिल्यावर 14 दिवस रेस नाही. अमेरिकेतही 14 दिवस रेस नाही आणि 7 दिवस वेळ लावून केलेलं वेगाचं काम नाही. ओनरने इथे चार गोष्टी विचाराव्यात: कोणता सांधा, एक्स-रे आधी काढला का, या सीझनमधलं कितवं इंजेक्शन, आणि पुढचा गॅलप कधी. एकाच घोट्याला एका सीझनमध्ये तिसऱ्यांदा सुई लागत असेल, तर तो घोडा विश्रांतीला पाठवा.

लॅसिक्सचा प्रश्न

वेगात पळताना घोड्याच्या फुप्फुसातल्या केशवाहिन्या फुटतात. अनेकदा नाकातून रक्त येत नाही, पण गॅलपनंतर अर्ध्या ते दीड तासात एंडोस्कोप घातला तर श्वासनळीत दिसतं; 0 ते 4 अशी श्रेणी देतात. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या दक्षिण आफ्रिकेतल्या अभ्यासात 167 घोडे रेसमध्ये पळवून पाहिले होते. लॅसिक्सने रक्तस्राव कमी होतो हे त्यात स्पष्ट झालं, आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. पण त्याच औषधाने लघवीवाटे 10 ते 15 किलो वजन उतरतं, आणि हलका घोडा जोरात पळतो. अमेरिकेत रेसच्या चार तास आधी ते देण्याची पद्धत रूढ झाली आणि रक्त न येणाऱ्या घोड्यांनाही मिळू लागलं. 2023 मध्ये तिथल्या हॉर्सरेसिंग इंटिग्रिटी अँड सेफ्टी ऑथॉरिटीचे औषधनियम लागू झाले, तेव्हा दोन वर्षांच्या घोड्यांच्या आणि स्टेक्स (वरच्या दर्जाच्या) रेसमध्ये ते बंद होतं, बाकी रेसमध्ये चालू. भारतातल्या रेसमध्ये ते चालत नाही, आणि ते योग्य आहे. हाँगकाँगमध्ये नाकातून वारंवार रक्त आलेल्या घोड्याला निवृत्त करतात.

ट्रेनिंगमध्ये, एंडोस्कोपीने सिद्ध झालेल्या घोड्याला, पशुवैद्याच्या देखरेखीत फक्त वेगाच्या कामाआधी ते देणं आम्हाला मान्य आहे. त्याआधी हवा सुधारा. पुण्याचा सीझन पावसाळ्यातून जातो, गवत दमट होतं, बुरशीची धूळ थेट फुप्फुसात. सुकं गवत अर्धा तास पाण्यात बुडवून, निथळून, जमिनीवर घाला; उंच जाळीत टांगू नका. अंथरूण बदलताना आणि झाडताना घोडा बाहेर हवा. डोसनंतर पाणी तोडू नका. काम झाल्यावर पाणी आणि मीठ लगेच द्या.

न दिलेलं औषध कसं सापडतं

आजच्या प्रयोगशाळा पिकोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग, मोजतात. 2021 च्या केंटकी डर्बीत, अमेरिकेतल्या मोठ्या रेसमध्ये, पहिला आलेला मेडिना स्पिरिट हा घोडा रक्ताच्या दर मिलिलिटरमागे बीटामेथासोन या स्टेरॉइडच्या 21 पिकोग्रॅममुळे पुढे बाद झाला. ट्रेनरच्या बाजूने कारण सांगितलं गेलं ते कातडीच्या मलमाचं. म्हणून मलमही औषध म्हणूनच नोंदवा. पागेत बघायच्या जागा अशा:

- अंथरूण. फ्लुनिक्सिन लघवीतून अंथरुणात उतरतं, घोडा तेच चघळतो आणि औषध परत पोटात जातं. शेवटच्या डोसनंतर सगळं अंथरूण काढा, फरशी धुवा, पुढचे काही दिवस रोज पूर्ण बदला. उपचार झालेल्या घोड्याच्या खणात रेसचा घोडा बांधू नका.
- बादल्या आणि हात. औषधवाल्या घोड्याला दाणा सगळ्यात शेवटी, वेगळ्या रंगाच्या बादलीत, हातमोजे घालून.
- माणसांची औषधं. पाठदुखीचा बाम, खोकल्याचं औषध, ट्रॅमाडॉल, चहा, तंबाखू. हे सगळं हातावरून किंवा खणात केलेल्या लघवीतून घोड्यात जाऊ शकतं. सईसला दटावून हे थांबत नाही. तबेल्याजवळ स्वच्छतागृह, नळ आणि साबण ठेवा, तेव्हा थांबतं.
- दाणा आणि गवत. कोकोच्या टरफलातून थिओब्रोमीन, गवतात आलेल्या धोतऱ्यातून अॅट्रोपीन. पेंढ्या सोडून बघा. प्रत्येक खेपेची मूठभर दाणा-गवताची पिशवी तारीख घालून जपून ठेवा.
- ‘देशी’ ताकदीची चूर्णं. कुचल्यात स्ट्रिक्नीन असतं. मिरचीचा अर्क असलेलं मालिशचं तेलही प्रतिबंधितात मोडतं. घटक छापलेले नसतील तर पागेत घेऊ नका.
- प्रोकेन पेनिसिलिन. जंतू मरतात, पण सोबतचं प्रोकेन बधिर करणारं औषध आहे आणि लघवीत बराच काळ राहतं. रेस जवळ असेल तर पशुवैद्याला दुसरं प्रतिजैविक मागा.

थकवा लांबवण्यासाठी रेसआधी खाण्याचा सोडा नळीने पोटात सोडण्याचा प्रकार चुकून घडत नाही. त्याची मर्यादा रक्तद्रवात एकूण कार्बन डायऑक्साइड 36 मिलिमोल प्रति लिटर आहे, आणि नेहमीच्या दाण्या-पाण्यावर निरोगी घोडा तिथे पोचत नाही.

वही

एक बांधीव वही, पानांवर क्रमांक. रकाने: घोडा, वजन, तारीख आणि तास, औषध, बाटलीचा बॅच क्रमांक, मात्रा मिलिग्रॅममध्ये (मिलिलिटरमध्ये नको, एकाच औषधाच्या दोन कंपन्यांच्या बाटल्यांत तीव्रता वेगळी असते), मार्ग, कारण, देणाऱ्याची सही, आणि शेवटी ‘या तासाआधी रेस नाही’ आणि ‘या तारखेआधी गॅलप नाही’ असे दोन वेगळे रकाने. दुसरा रकाना बहुतेक वह्यांत नसतोच. डिक्लेरेशनच्या दिवशी, म्हणजे घोडा पळणार हे क्लबला पक्कं कळवायच्या दिवशी, ट्रेनर आणि पशुवैद्याने दोन्ही रकाने एकत्र बसून वाचायचे. घोडा विकत घेताना मागच्या पागेकडून 60 दिवसांच्या नोंदी लेखी मागा. मिळाल्या नाहीत तर रेस ठरवण्याआधी पशुवैद्याला सांगा.

तपासणीचा नमुना घेताना पागेचा माणूस हजर हवा. नमुना दोन भागांत, ए आणि बी, समोर सीलबंद होतो. सीलवरचा क्रमांक आणि फॉर्मवरचा क्रमांक जुळतो का ते सही करण्याआधी वाचा. ए पॉझिटिव्ह आला तर त्याच दिवशी वही, उरलेल्या बाटल्या आणि दाणा-गवताच्या पिशव्या कुलपात ठेवा आणि कशावरही नंतर खाडाखोड करू नका. बी नमुन्याच्या तपासणीची मागणी लेखी आणि मुदतीत करा.