ऑर्केस्ट्रासाठी साऊंड सिस्टीम घेताय? आधी या चुका टाळा

गणपतीच्या तारखा लागायला लागल्या की नवीन ऑर्केस्ट्रा काढलेली पोरं फोन करतात आणि पहिला प्रश्न ठरलेला, दादा किती वॅटचा साऊंड घेऊ? पहिली चूक इथंच होते बघा.

स्पीकरच्या बॉक्सवर मोठ्या अक्षरात १००० वॅट लिहिलेलं असतं ते बऱ्याचदा पीक, म्हणजे क्षणभरच झेपणारी ताकद असते, स्पीकरला सतत झेपणारी ताकद म्हणजे आरएमएस त्याच्या निम्मी नाहीतर चौथाई निघते. आणि खरे वॅट दुप्पट केले तरी आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, कानाला जेमतेम फरक कळेल एवढाच. आवाज डबल झाला असं वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट ताकद. त्यापेक्षा स्पीकरची सेन्सिटिव्हिटी बघा, एका वॅटला एका मीटरवर ९७ डेसिबल देणारा बॉक्स हा ९४ वाल्याच्या बरोबरीचा आवाज अर्ध्या ॲम्प्लिफायरमध्ये काढतो.

मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने पडतो, म्हणून मागच्यांना ऐकू जावं म्हणून पुढचे टॉप, म्हणजे गाण्या-बोलण्याचा आवाज देणारे मुख्य बॉक्स, पिळू नका, पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या माणसांच्या कानाचे हाल होतात. मध्ये दोन बॉक्स उभे करा आणि त्यांना डिले द्या, म्हणजे त्यांचा आवाज थोडा उशिरा सोडा, पुढच्या टॉपपासून ३० मीटरवर असतील तर ८७-८८ मिलिसेकंद, नाहीतर मागच्यांना प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो.

आता सगळ्यात मोठी चूक, जी मी स्वतः केली. सुरुवातीला आम्ही होते तेवढे पैसे समोरच्या टॉप आणि बेसमध्ये (जाड आवाजाचे बॉक्स) घातले, मॉनिटर, म्हणजे गायकाला स्वतःचा आवाज ऐकवणारे स्टेजवरचे स्पीकर, नंतर बघू म्हटलं. एका जत्रेत कार्यक्रम होता, आमच्या गायिकेला स्टेजवर स्वतःचा आवाजच येत नव्हता, मागून ढोलकी आणि ऑक्टोपॅडचा दणका, मग ती ओरडून गायला लागली, सूर चढायला लागला, आम्ही शहाणपणा करून टॉप थोडे आत वळवले की तिलाही ऐकू यावं, आणि जी शिट्टी सुरू झाली ती काही थांबेना. दुसऱ्या दिवशी तिचा घसा बसला आणि पुढचे दोन कार्यक्रम गेले तिचे. ते मला आजही लागतं. त्यामुळे पैसे कमी असतील तर एक बेस कमी घ्या पण गायकांपुढे दोन मॉनिटर पाहिजेतच.

शिट्टी येते कारण स्पीकरचा आवाज परत माईकमध्ये शिरतो आणि फिरत राहतो. टॉप नेहमी माईकच्या पुढे, प्रेक्षकांच्या बाजूला आणि डोक्याच्या वर. मॉनिटर कुठं ठेवायचा ते माईकवर ठरतं, श्युअर एसएम ५८ सारखा कार्डिऑइड (मुख्यतः समोरून ऐकणारा) माईक बरोबर पाठीमागून सगळ्यात कमी ऐकतो म्हणून मॉनिटर सरळ त्याच्या शेपटीकडे, पण बीटा ५८ए सारखा सुपरकार्डिऑइड असेल तर त्याला ठेट मागूनही थोडं ऐकू येतं, तिथं मॉनिटर जरा तिरपा बाजूला सरकवायचा. आणि गायकांना सांगा, जाळीला मुठीत धरू नका, जाळी झाकली की माईक चारी बाजूंनी ऐकायला लागतो. चालू माईक ४ चे ८ झाले तर शिट्टी यायच्या आधीचा ३ डेसिबल वाव जातो, म्हणून ज्या गाण्यात तबला नाही तिथं तबल्याचे माईक बंद.

मिक्सर घेताना पेनाने मोजा. गायक ३, निवेदक १, ढोलकी २, तबला २, ऑक्टोपॅड २, दोन कीबोर्डचे ४, बेस गिटार आणि गिटार, झाले १६, आणि ट्रॅकचा लॅपटॉप राहिलाच. शिवाय १६ चॅनल लिहिलेल्या मिक्सरला माईकचे इनपुट कधीकधी १०च असतात, ते मोजून घ्या. ऑक्स, म्हणजे मॉनिटरला वेगळा आवाज पाठवायचे आउटपुट, किमान दोन तरी प्री-फेडर (समोरच्या आवाजाच्या फेडरवर न अवलंबणारे) पाहिजेत, नाहीतर समोरचा आवाज कमी केला की मॉनिटरचाही कमी होतो.

गावातला घोषणेचा ॲम्प्लिफायर आणि कर्णे गाण्याला वापरू नका. ती बहुतेक १०० व्होल्ट लाईनची, म्हणजे लांब वायरवर बरेच कर्णे चालवायची व्यवस्था असते, त्या लाईनवर साधा ८ ओहमचा बॉक्स थेट लावला तर काहीतरी जळणार. साध्या ॲम्प्लिफायरलाही ८ ओहमचे दोन बॉक्स पॅरलल लावले की ४ ओहम होतात, चार लावले की २, ओहम जितके कमी तितका भार जास्त, आणि बरेच ॲम्प्लिफायर तिथं गरम होऊन बंद पडतात. क्लिपची, म्हणजे ॲम्प्लिफायरची हद्द ओलांडल्याची लाल लाईट सतत पेटत असेल तर आवाज कमी करा, ट्वीटर (बारीक आवाजाचे स्पीकर) तिथंच जातात.

स्पीकरमधून हमिंग (घूं घूं आवाज) येतं म्हणून प्लगची अर्थिंगची पिन काढणारे लोक मी बघितलेत, हे कधीच करू नका, माईक ओठाला लावणाऱ्याच्या जिवाशी खेळ आहे. कीबोर्ड आणि गिटार डीआय बॉक्समधून (वाद्याचा सिग्नल मिक्सरला जुळवून देणारी छोटी डबी) घ्या, त्यावर ग्राउंड लिफ्टचं, म्हणजे फक्त सिग्नल वायरचं ग्राउंड तोडणारं बटण असतं, बहुतेक वेळा तेवढ्याने काम होतं. मिक्सर, ॲम्प्लिफायर, वाद्यं सगळी एका फेजवर, लाईटिंग दुसऱ्या फेजवर. आणि मंडपात थ्री फेज असेल तर काहीही जोडायच्या आधी मल्टीमीटरने बोर्डावर व्होल्टेज बघा, लाईटिंग चालू केल्यावर पुन्हा बघा. २३० च्या आसपास पाहिजे. न्यूट्रल ढिला असेल तर एखाद्या फेजला ते ४०० पर्यंत चढू शकतं, तेव्हा आकडा हलताना दिसला तर न्यूट्रल घट्ट करून घेतल्याशिवाय एकही प्लग लावू नका, निवेदक कितीही घाई करू दे.