वर्षातून किती क्रूझ? आकडा ठरवताना या चुका टाळा

क्रूझची चटक लागली की प्रश्न येतोच: वर्षातून एक पुरे, दोन कराव्यात, की रजा मिळेल तेव्हा निघावं? गंमत म्हणजे बहुतेक जण याचं उत्तर स्वतः शोधतच नाहीत. ऑफर आली म्हणून एक, कंपनीच्या सदस्य योजनेचे पॉइंट्स थोडेच कमी पडतायत म्हणून दुसरी, जहाजावर ओळख झालेलं जोडपं वर्षाला चार करतं म्हणून तिसरी. असा आकडा फुगला की कुरबुरी सुरू होतात. शेवटचा हप्ता भरताना हात आखडतो, वर्ष अर्धं सरायच्या आत रजा संपते आणि तिसऱ्या सफरीत डेकवर बसून फोन चाळण्यात दिवस जातो. यातल्या बहुतेक कुरबुरी आकडा चुकीच्या वेळी किंवा चुकीच्या हिशेबावरून ठरवल्याने होतात.

पुढची क्रूझ जहाजावरच पक्की करणं

ही सगळ्यात मोठी चूक. शेवटचा सी-डे असतो, म्हणजे दिवसभर बंदर नाही, सगळे जहाजावरच. पुढच्या बुकिंगच्या टेबलापाशी रांग लागलेली असते. आठवडाभर स्वयंपाक नाही, केबिन रोज कुणीतरी आवरून जातंय आणि उद्या सकाळी हे सगळं संपणार या विचाराने मन हळवं झालेलं. समोरचा माणूस स्क्रीनवर पुढच्या वर्षाच्या तारखा फिरवतो, डिपॉझिट नेहमीपेक्षा कमी सांगतो, वर जहाजावर खर्च करायला थोडं क्रेडिट देतो. आवळा देऊन कोहळा काढायचा प्रकार. ऑफर खोटी नसते, कधीकधी चांगलीही असते. पण घरच्या कॅलेंडरपासून आणि बँक खात्यापासून इतक्या लांब बसून वर्षाचा बेत आखणं धोक्याचंच.

मोह आवरत नसेल तर मधला मार्ग आहे. काही कंपन्या तारीख न ठरवता नुसतं डिपॉझिट घेतात, सफर नंतर निवडायची. ते घेण्याआधी तीन गोष्टी लेखी विचारून घ्या: पैसे परत मिळतात का, किती काळात वापरायला हवेत आणि बुकिंग आपल्या नेहमीच्या एजंटकडे वळवता येतं का. पुढचा निर्णय घरी, कार्डाचं बिल हातात आल्यावर. बिल पाहूनही जावंसं वाटलं तर ती हौस खरी समजायला हरकत नाही.

जाहिरातीतल्या दरावर वर्षाचा हिशेब मांडणं

'प्रति रात्र फक्त इतके' हा दर सहसा माणशी असतो आणि केबिनमध्ये दोघे धरलेले असतात. एकट्याने जाणाऱ्याला बऱ्याच जहाजांवर रिकाम्या पलंगाचेही पैसे मोजावे लागतात, कधी जवळजवळ दुप्पट. त्यावर माणशी रोजचा सर्व्हिस चार्ज, वाय-फाय, पेयं, बंदरावरच्या सहली. पेयांच्या पॅकेजला तर अनेक कंपन्यांची अट असते की केबिनमधल्या एका प्रौढाने घेतलं तर सगळ्यांनी घ्यायचं. घरात एकच पिणारा असेल तर हे गणित पहिल्याच दिवशी कोलमडतं.

म्हणून मागच्या सफरीचं जहाजावरचं अखेरचं बिल काढा. त्यात तिकीट, विमानभाडं, आदल्या रात्रीचं हॉटेल, व्हिसा आणि विमा मिळवा आणि बेरजेला भागा घरातून निघाल्यापासून परत येईपर्यंतच्या दिवसांनी. रात्रींनी भागू नका. जो आकडा येईल तोच तुमच्या सफरीचा दिवसाचा खरा दर. वर्षाच्या सुट्ट्यांसाठी बाजूला काढलेल्या रकमेत असे किती दिवस बसतात हे मग कळतं.

हिशेब मांडला की आणखी एक गोष्ट लक्षात येते. विमान, व्हिसा आणि आदल्या रात्रीचं हॉटेल हे खर्च सफर ३ रात्रींची असो की १२ रात्रींची, जवळपास तेवढेच राहतात. ३ रात्रींच्या सफरीत पहिला दिवस चढण्यात जातो, शेवटचा उतरण्यात. पूर्ण दिवस हाती लागतात दोनच. अशा चार सफरी केल्या तर १२ रात्रींत पूर्ण दिवस ८ आणि विमानतळाच्या फेऱ्याही आठ. तेच एकदम १२ रात्रींची सफर घेतली तर पूर्ण दिवस ११ आणि फेऱ्या दोन.

शिवाय उतरण्याचा सोहळा असतोच. आदल्या रात्री बॅगांना चिठ्ठ्या लावून त्या दाराबाहेर ठेवायच्या, सकाळचे कपडे आणि टूथब्रश आठवणीने बाजूला काढायचे. उजाडताच केबिन रिकामी करायची आणि आपल्या चिठ्ठीच्या रंगाचा किंवा नंबराचा पुकारा होईपर्यंत हातातली पिशवी सांभाळत लाउंजमध्ये बसायचं. हे वर्षातून चारदा करायची तयारी असेल तरच चार सफरींचं बोला.

ज्यांच्या घरापासून बंदर गाडीने जाण्याइतकं जवळ आहे, त्यांच्यासाठी मात्र हे सगळं उलटं. विमान आणि हॉटेल गळाल्यावर छोट्या सफरी परवडतात, आणि अशा लोकांनी वर्षाला तीन केल्या तरी त्यात वावगं काही नाही. त्यांचा आकडा पाहून लांबच्याने आपला ठरवू नये, एवढंच.

गेल्या वर्षीचा दर पुढच्या वर्षाला लावतानाही जरा जपून. बंदरं आता स्वतंत्र शुल्क आकारू लागली आहेत. ग्रीसने जुलै २०२५ पासून तिथल्या बंदरांवर उतरणाऱ्या क्रूझ प्रवाशांवर शुल्क लावलं, आणि सँटोरिनी व मिकोनोससाठी ते इतर बेटांपेक्षा जास्त ठेवलं.

पॉइंट्ससाठी जाणं

कंपन्यांच्या सदस्य योजना भुरळ घालतात यात शंका नाही. रॉयल कॅरिबियनच्या क्राउन अँड अँकर सोसायटीत साध्या केबिनला रात्रीला १ पॉइंट आणि डायमंड पातळीसाठी ८० पॉइंट लागतात. म्हणजे ७ रात्रींच्या बारा सफरी. वर्षाला एक केली तर बारा वर्षं, म्हणून माणूस दोन करायला लागतो, मग तीन. पण तिथे पोचल्यावर मिळतं काय, तर रोजची ठरावीक पेयं, थोडी सवलत, कुठे रांगेत पुढची जागा. एका जास्तीच्या सफरीच्या पैशात हे सगळं रोखीने विकत घेता येईल.

आणि नियम कंपनीच्या हातात असतात. कार्निव्हलने २०२५ मध्ये जाहीर केलं की जून २०२६ पासून त्यांची योजना रात्रींऐवजी खर्चावर चालेल. वर्षानुवर्षं स्वस्त केबिनमध्ये रात्री जमवत आलेल्यांची नाराजी समजण्यासारखी आहे. पॉइंट जमले तर वापरावेत, त्यांच्यासाठी वेगळी सफर काढू नये. कॅसिनोकडून येणाऱ्या 'फुकट' केबिनचंही असंच: कर आणि सर्व्हिस चार्ज भरावेच लागतात आणि आमंत्रण आलेलं असतं ते आधी टेबलावर घालवलेल्या पैशांच्या जिवावर.

दोन सफरींमधलं अंतर न बघणं

दोन क्रूझ करायच्या ठरल्या की लोक दोन महिने निवडतात आणि मोकळे होतात. हप्ते कधी पडतात ते कुणी बघत नाही. शेवटचा हप्ता बहुधा निघण्याच्या साधारण ९० दिवस आधी भरायचा असतो, कंपनीनुसार थोडा मागेपुढे. पहिली सफर मेच्या सुरुवातीला आणि दुसरी ऑगस्टच्या मध्याला ठेवली, तर पहिल्या सफरीचं कार्डाचं बिल आणि दुसरीचा शेवटचा हप्ता एकाच महिन्यात अंगावर येतात. दोन सफरी परवडत असूनही मेमध्ये ओढाताण होते आणि माणूस उगाच ठरवतो की क्रूझ आपल्या आवाक्यातली नाही. दुसरी सफर दोन महिने पुढे ढकलली असती तर भागलं असतं.

अंतर ठरवताना समुद्राचा हंगामही बघायला हवा. अलास्काच्या सफरी साधारण मे ते सप्टेंबर, अंटार्क्टिकाच्या नोव्हेंबर ते मार्च. अटलांटिकमधला चक्रीवादळांचा अधिकृत काळ १ जून ते ३० नोव्हेंबर आणि त्यातही सप्टेंबरचा मध्य सर्वांत अस्वस्थ. त्या दिवसांत कॅरिबियनचे दर उतरतात. वादळाला वळसा घालायला जहाज बंदर बदलतं किंवा गाळतं आणि तिकिटाच्या अटी त्याला तशी मुभा देतात. ज्याला जहाजच आवडतं त्याने हे दर जरूर घ्यावेत. अमुक एका बेटासाठीच निघालेल्याने घेऊ नयेत.

वसंतात आणि शरदात जहाजं एका हंगामातून दुसऱ्या हंगामाकडे सरकतात, अटलांटिक ओलांडतात. या सफरींचा रात्रीचा दर बऱ्याचदा कमी असतो, सी-डे भरपूर, बंदरं मोजकी. परतीचं एकेरी विमान महाग पडू शकतं, ते आधी बघा. पश्चिमेला जाताना घड्याळ मागे सरकत राहतं आणि काही दिवस २५ तासांचे होतात. पूर्वेला जाताना तेच तास कापले जातात, त्यामुळे निवड असेल तर पश्चिमेकडचीच घ्यावी.

पाठोपाठच्या दोन सफरींना दोन सुट्ट्या मानणं

एकाच जहाजावर लागोपाठ दोन सफरी घेण्याची पद्धत आहे. विमानाचा खर्च एकदाच, म्हणून पैशाने सोपं. पण आकडा लिहिताना ती एकच सुट्टी धरा. बुक करण्याआधी दोन्ही मार्ग शेजारी ठेवून बघा, कारण कधी बंदरं तीच असतात आणि करमणुकीचे कार्यक्रम बऱ्याचदा पुन्हा तेच.

अमेरिकेच्या किनाऱ्यावर यात एक कायदेशीर मेखही आहे. १८८६च्या तिथल्या कायद्यानुसार परदेशी झेंड्याचं जहाज, आणि मोठी क्रूझ जहाजं बहुतेक परदेशी झेंड्याचीच असतात, वाटेत दूरचं परदेशी बंदर घेतल्याशिवाय एका अमेरिकी बंदरातून प्रवासी घेऊन दुसऱ्या अमेरिकी बंदरात उतरवू शकत नाही. सिअॅटल ते कॅनडातलं व्हँकुव्हर आणि व्हँकुव्हर ते अलास्कातलं व्हिटियर या दोन सफरी वेगवेगळ्या केल्या तर चालतात. त्याच जहाजावर पाठोपाठ केल्या तर कायद्याच्या नजरेत तो सिअॅटल ते व्हिटियर असा एकच प्रवास होतो आणि व्हँकुव्हर 'दूरचं' धरलं जात नाही. बुकिंगच्या वेळी यंत्रणा प्रत्येक वेळी अडवेलच असं नाही, नंतर फोन येतो.

विमा आणि तब्येत गृहीत धरणं

वर्षाला दोनहून जास्त प्रवास असतील तर वार्षिक विमा स्वस्त पडू शकतो. मात्र त्यात प्रत्येक प्रवासाला दिवसांची मर्यादा असते आणि क्रूझचं संरक्षण पुष्कळदा वेगळं घ्यावं लागतं. समुद्रातून हेलिकॉप्टरने हलवण्याचा खर्च त्यात आहे का, हे वाचल्याशिवाय पैसे भरू नका. व्हिसाही तपासा: भूमध्य समुद्रातलं जहाज शेंगेन क्षेत्रातून (युरोपातले एकाच व्हिसावर फिरता येणारे देश) तुर्कस्तानला जाऊन परत येत असेल, तर एकदाच प्रवेश देणारा व्हिसा कामाचा नाही.

जमिनीवर आल्यावरही डोलल्यासारखं वाटणं बहुतेकांचं दिवस-दोन दिवसांत जातं. कुणाला ते आठवडेच्या आठवडे टिकत असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्याच वर्षी दुसरी सफर लावू नये.

कंटाळा आला म्हणून थेट आकडा कमी करणं

'क्रूझचा वीट आला' असं म्हणणाऱ्याला कशाचा वीट आलाय ते आधी पाहावं. एक सोपी परीक्षा आहे: ज्या बंदरावर जहाज थांबतं तिथे विमानाने जाऊन चार दिवस राहायला आवडेल का? उत्तर 'हो' असेल तर घाई नडतेय. मुक्काम लांब असलेली किंवा बंदरात रात्र काढणारी सफर शोधा, नाहीतर पुढच्या वर्षी एक क्रूझ आणि एक साधा प्रवास असं करा. उत्तर 'नाही, मला जहाजावरच बरं वाटतं' असेल आणि तरीही कंटाळा येत असेल, तर जहाज बदलून पाहा. पाच हजार प्रवाशांच्या जहाजावरून दीडशेच्या नदीवरल्या जहाजावर गेलं की अनुभव पार वेगळा होतो. दोन्ही करूनही तेच वाटत असेल, तर खुशाल एक वर्ष जाऊ द्या.

केबिनमध्ये बरोबर असणाऱ्या माणसालाही हीच परीक्षा द्यायला लावा, आणि वेगळी. दोघांची उत्तरं जुळत नसतील तर वर्षाचा आकडा कमी उत्साह असलेल्याच्या मनाप्रमाणे ठेवावा. जास्त उत्साही असेल त्याने उरलेली सफर मित्रमंडळींबरोबर करावी.

आधीच जास्त बुकिंग झालं असेल तर

तीन सफरी पक्क्या आहेत आणि एक सोडायची आहे, तर सगळ्यात जवळची सोडू नका. तिचा शेवटचा हप्ता गेलेला असतो, रद्द केल्यास कपात मोठी आणि दर काही दिवसांनी वाढणारी. तिन्हींच्या शेवटच्या हप्त्याच्या तारखा एका कागदावर लिहा आणि जिची तारीख अजून पुढे आहे तिच्याकडे वळा. डिपॉझिट परत मिळणारं नसेल तर रद्द करण्याऐवजी ती पुढच्या वर्षात सरकवता येते का ते विचारा. काही कंपन्या थोडं शुल्क घेऊन तारीख बदलून देतात. सफर ठेवायचीच असेल तर हप्त्याच्या आधी आजचा दर बघून घ्या. दर उतरला असेल तर पुष्कळ कंपन्या मागितल्यावर नवा दर लावतात, न मागता क्वचितच. बाल्कनीची केबिन आतल्या केबिनवर आणूनही बरीच रक्कम सुटते. विम्यावर मात्र भिस्त ठेवू नका: मन बदललं हे कारण साध्या पॉलिसीत चालत नाही.