दोन मुक्कामांची सायकलसफर: काय न्यायचं आणि कुठे बांधायचं

माझ्या पहिल्या सफरीत चौदाव्या किलोमीटरला सीटमागची बॅग मागच्या चाकाला घासायला लागली. घरी बांधली तेव्हा ती दगडासारखी घट्ट होती. खडबडीत वाट सुरू झाली तशी ती हळूहळू झुकली, आणि मला आवाज ऐकू येईपर्यंत टायरने तिच्या तळाला भोक पाडलं होतं. आत होतं कुलूप, सगळी हत्यारं आणि दोन दिवसांचं खाणं. बॅग चांगली होती, मीच ती चुकीची भरली होती. म्हणून नवीन कोणी विचारलं की मी आधी सामानाच्या यादीबद्दल बोलत नाही. कोणती वस्तू सायकलच्या कुठल्या भागावर जाईल, तिथून सुरुवात करते.

जड सामान फ्रेमच्या त्रिकोणात. हत्यारं, जादा ट्यूब, पंप, पॉवर बँक, पाण्याची पिशवी, सगळं तिथे आणि जमेल तितकं खाली. वजन दोन चाकांच्या मधोमध आलं की सायकल वळणावर ओढत नाही. फक्त बॅग फुगून गुडघ्याला लागत नाही ना, ते पेडल मारून बघा. हँडलबारवर हलकं पण जागा खाणारं सामान: स्लीपिंग बॅग, तंबूचं कापड. रोल बांधल्यावर हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवा, ब्रेक दाबा, केबल कुठे मुडपते का पाहा. पुढे सस्पेन्शन असेल तर ते दाबूनही बघा, कारण उभ्या सायकलवर दिसणारं अंतर खड्ड्यात उरत नाही.

सीटमागच्या बॅगेत कपडेच. त्यातही वजनदार कपडे सीटपोस्टला, म्हणजे सीटच्या दांड्याला चिकटून आणि जाकीट शेवटी, टोकाला. टोकाला वजन गेलं की बॅग शेपटीसारखी डावी-उजवीकडे हलते आणि चढावर उभं राहून पेडल मारताना ते फार जाणवतं. भरताना गुडघ्याने दाबून हवा काढा, तोंडाला किमान तीन घड्या घाला, मग पट्टे आवळा. फ्रेमला जिथे जिथे पट्टा लागतो तिथे आधी टेप चिकटवा. धूळ आणि पट्टा मिळून रंग खरवडून काढतात.

अंतर ठरवताना मी एक सरळ हिशोब धरते. रिकाम्या सायकलने डांबरी रस्त्यावर दिवसभरात जितकं आरामात जाता, त्याच्या निम्मं. मी ११० किलोमीटर जाते, म्हणून सामानासकट कच्च्या वाटेवर ५५. त्यात एकूण चढ १,००० मीटरच्या वर गेला तर अजून कमी. मुक्कामाला सूर्यास्ताच्या दोन तास आधी पोचायचं, हे मी कधी मोडत नाही. अनोळखी जागी अंधारात तंबू लावणं शक्य असतं, पण जमीन नीट बघता येत नाही आणि रात्रभर एखादा दगड पाठीत टोचत राहतो. मुक्कामाला परवानगी लागते का, हे निघायच्या आधीच विचारून घ्या. नकाशा फोनमध्ये ऑफलाइन उतरवून ठेवा. त्यावर पाण्याच्या जागा आणि दर दिवशी मोठ्या रस्त्याला लवकर लागता येईल अशी निदान एक वाट खूण करून ठेवा. पाणी एक लिटर म्हणजे एक किलो. उन्हात मला तासाला अर्धा ते पाऊण लिटर लागतं, त्यामुळे दोन पाणवठ्यांमधले तास मोजूनच बाटल्या भरते.

हत्यारांच्या बाबतीत तयार यादी आणू नका. मल्टिटूल हातात घेऊन आपल्या सायकलचा एकेक स्क्रू सैल करून परत आवळा. जो त्याने हलला नाही, त्याचं हत्यार वेगळं घ्यायचं. चेनची जादा क्विक लिंक, म्हणजे तुटलेली चेन जोडायची सुटी कडी, आपल्या चेनच्याच स्पीडची हवी: मागे ११ गिअर असतील तर ११ ची. डिरेलर म्हणजे गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग, आणि मागचा डिरेलर फ्रेमला ज्या तुकड्यावर लटकतो तो हँगर. हा हँगर बऱ्याच फ्रेमचा वेगवेगळा असतो. सायकल उजव्या बाजूवर पडली की तो वाकतो आणि गिअर बसेनासे होतात. तो तुकडा बोटभर असतो, वजन नगण्य, पण वाटेत मिळणं जवळपास अशक्य, म्हणून आपल्या फ्रेमचा एक जादा न्या. ट्यूबलेस, म्हणजे आत ट्यूब नसलेले टायर असले तरी एक ट्यूब न्याच, आणि ती घालण्याआधी ट्यूबलेसचा व्हॉल्व्ह काढावा लागतो हे लक्षात ठेवा. त्याची नट घरी पक्कडीने आवळलेली असेल तर रानात बोटांनी सुटत नाही. माझी सुटली नव्हती. आता ती मी हातानेच आवळते. टायर चिरला तर आतून लावायला जुन्या टायरचा एक तुकडा ठेवा, आणि टेपचे चार वेढे पंपावरच गुंडाळा.

कपडे दोन जोड: एक चालवायचा, एक झोपायचा. झोपायचा जोड कितीही मोह झाला तरी सायकलवर घालायचा नाही, कारण रात्री कोरडं अंग हाच खरा आराम. सुती कपडे भिजले की लवकर वाळत नाहीत, ते घरीच ठेवा. रेनकोट सगळ्यात वर.

झोपायच्या चटईवर वजन वाचवू नका. अंगाखाली स्लीपिंग बॅगचा भराव दबतो आणि ऊब धरत नाही, जमिनीचा गारवा तेव्हा चटईच अडवते. १०,००० एमएएचची पॉवर बँक प्रत्यक्षात त्याच्या दोन तृतीयांशाच्या आसपास देते, म्हणजे साधारण फोन दीड वेळा भरतो. दोन मुक्कामांना पुरतं, फोन रात्री विमान मोडवर ठेवला तर.

निघायच्या आठवडाभर आधी सगळं बांधून वीस किलोमीटर जाऊन या, अर्धी वाट खडबडीत असू द्या. भरलेली सायकल थांबायला जास्त अंतर घेते, ते हाताला कळायला हवं. मागच्या टायरमध्ये हवा थोडी वाढवा. एखाद्या जिन्यावरून किंवा उंच बांधावरून ती उचलून न्या. जिथे उचलवत नाही, तिथे सामान कमी करायची वेळ अजून हातात असते. परतल्यावर सगळे पट्टे पुन्हा तपासा, पहिल्या फेरीत ते सैल होतातच.

आणि सफरीहून आल्यावर बॅगा रिकाम्या करतानाच दोन ढीग करा, वापरलेलं आणि न वापरलेलं. दुसऱ्या ढिगातून औषधं आणि दुरुस्तीचं सामान परत बॅगेत टाका. उरलेलं पुढच्या वेळी नेऊ नका.